‘मॉडिफाय’ या शब्दाचे माप : एमसीआय विरुद्ध एटी अँड टी, १९९४

अमेरिकेच्या १९३४ च्या दळणवळण कायद्यातील कलम २०३ चा पहिला भाग सांगतो की टेलिफोन कंपन्यांनी आपले दरपत्रक सरकारी आयोगाकडे दाखल केले पाहिजे. त्याच कलमात पुढे असेही सांगितले आहे की, आयोगाला आपल्या विवेकाने आणि सबळ कारण दाखवले गेल्यास, या कलमाने घातलेली कोणतीही आवश्यकता, एखाद्या विशिष्ट प्रसंगी किंवा विशेष परिस्थितीसाठी काढलेल्या सर्वसाधारण आदेशाने, ‘मॉडिफाय’ करता येईल. हे क्रियापद मी मुद्दामच मराठीत आणलेले नाही. ते मराठीत कसे आणायचे, हाच या प्रकरणाचा गाभा आहे; आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात १९९४ साली जो वाद झाला, तो इंग्रजीतून इंग्रजीतच करायच्या भाषांतराचा वाद होता, असे म्हटले तर ते चुकीचे ठरणार नाही.

प्रश्न वरवर पाहता साधा होता. एखादी सक्ती काही जणांपुरती पूर्णपणे उठवणे म्हणजे ती ‘मॉडिफाय’ करणे होय का? ‘मॉडिफाय’ म्हणजे नुसते बदलणे, की थोडेसे बदलणे?

दरपत्रकाची सक्ती कशी ढिली झाली

१९३४ मध्ये अमेरिकेतील लांब पल्ल्याची टेलिफोन सेवा जवळजवळ पूर्णपणे एटी अँड टी या एकाच कंपनीच्या हातात होती. मक्तेदार कंपनीने मन मानेल तसे दर आकारू नयेत आणि एका ग्राहकाला एक व दुसऱ्याला दुसरा असा भेदभाव करू नये, यासाठी कायद्याने दरपत्रक दाखल करण्याची सक्ती केली, दाखल केलेल्या दरापेक्षा कमी किंवा जास्त आकारण्यास मनाई केली आणि या सगळ्यावर देखरेख ठेवण्यासाठी फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन, म्हणजे एफसीसी, हा आयोग नेमला. दरपत्रक उघड असले की ग्राहकाला तक्रार करता येते आणि आयोगाला ती तपासता येते, अशी ती रचना होती.

पुढे चित्र पालटले. १९६३ मध्ये स्थापन झालेल्या एमसीआय या कंपनीला १९६९ साली शिकागो ते सेंट लुईस या मार्गावर सूक्ष्मलहरींच्या साहाय्याने सेवा देण्याची परवानगी मिळाली. त्यानंतर लांब पल्ल्याच्या व्यवसायात एकामागून एक स्पर्धक उतरले आणि १ जानेवारी १९८४ रोजी खुद्द एटी अँड टीचे विभाजन होऊन तिच्या स्थानिक सेवा वेगळ्या कंपन्यांकडे गेल्या. बाजारात स्पर्धा असेल तर लहान कंपन्यांना दरपत्रकाच्या कागदपत्रांत गुंतवून ठेवण्यात काय हशील, असा विचार एफसीसीने १९७९ पासूनच सुरू केला होता. बाजारावर वर्चस्व असलेल्या कंपन्या आणि वर्चस्व नसलेल्या कंपन्या अशी विभागणी आयोगाने केली. पहिल्या गटात एटी अँड टी राहिली. दुसऱ्या गटातील कंपन्यांना १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात टप्प्याटप्प्याने सांगण्यात आले की दरपत्रक दाखल करणे तुमच्या इच्छेवर आहे. १९८५ मध्ये आयोग याच्याही पुढे गेला आणि दुसऱ्या गटाने दरपत्रक दाखल करूच नये, असा आदेश त्याने काढला.

हा शेवटचा आदेश वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने त्याच वर्षी रद्द केला. निकाल लिहिला होता रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी. ‘मॉडिफाय’ या शब्दातून मर्यादित फेरबदल सूचित होतात, एखादी आवश्यकता सरसकट सोडून देणे किंवा काढून टाकणे नव्हे, असे त्यांनी त्यात म्हटले. शब्दाचा प्रश्न न्यायालयाच्या कागदावर प्रथम असा आला. त्याच गिन्सबर्ग नऊ वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायासनावर बसून याच शब्दावर मत देणार होत्या.

एटी अँड टीची अडचण खरी होती. तिला आपले दर जाहीर करावे लागत, मग प्रतिस्पर्ध्याने ते दर वाचायचे आणि मोठ्या ग्राहकांशी खाजगीत त्याहून कमी दराचा करार करायचा, असे चालले होते. ७ ऑगस्ट १९८९ रोजी तिने एमसीआयविरुद्ध आयोगाकडे तक्रार केली की, दरपत्रकात नसलेले दर आकारून एमसीआयने कलम २०३ चा भंग केला आहे. आयोगाने तक्रार फेटाळली. अपील न्यायालयाने आयोगाचा निर्णय उलटवला, आयोगाने आपले धोरण नियमाच्या रूपाने पुन्हा जारी केले, अपील न्यायालयाने तेही रद्द केले, आणि अशा रीतीने प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचले. १७ जून १९९४ रोजी निकाल लागला. आठ न्यायमूर्तींनी भाग घेतला. पाच विरुद्ध तीन अशा मतांनी एटी अँड टी जिंकली.

शब्दकोश साक्षीला

बहुमताचा निकाल न्यायमूर्ती अँटोनिन स्कॅलिया यांनी लिहिला. गिन्सबर्ग त्यांच्याबरोबर होत्या. स्कॅलिया कायद्याच्या शब्दावर बोट ठेवून चालणारे न्यायाधीश म्हणून ओळखले जात, आणि या निकालात त्यांनी ‘मॉडिफाय’ हा शब्द अक्षरशः टेबलावर ठेवून उलगडला आहे.

त्यांनी आधी व्युत्पत्तीला हात घातला. ‘मॉडरेट’, ‘मॉड्युलेट’, ‘मॉडेस्ट’ आणि ‘मॉडिकम’ या शब्दांप्रमाणेच ‘मॉडिफाय’च्या मुळाशीही ‘माप’ या अर्थाचा लॅटिन शब्द आहे, त्यामुळे त्यात थोडेपणाची, मर्यादेची छटा आहे, असे ते म्हणाले. मराठी वाचकाला हे लगेच पटेल, कारण ‘मित’ या शब्दाने आपल्याकडे हेच काम केले आहे. मितभाषी माणूस बोलतो, पण मापून बोलतो. परिमित म्हणजे चहूबाजूंनी मोजलेले. मात्र मुळात माप आहे म्हणून वापरातही माप टिकून राहतेच, असे नाही, आणि स्कॅलियांनाही ते ठाऊक असावे; कारण व्युत्पत्तीनंतर ते लगेच शब्दकोशांकडे वळले.

त्यांनी चार कोश पुढे केले. रँडम हाउसच्या १९८७ च्या आवृत्तीत अर्थ होता, रूप किंवा गुण काहीसे बदलणे, अंशतः पालटणे. ऑक्सफर्डच्या १९८९ च्या आवृत्तीत होते, अंशतः बदल करणे, मुळातून रूपांतर न करता पालटणे. ब्लॅकच्या विधिकोशात होते, आनुषंगिक किंवा दुय्यम बाबतीत बदलणे. वेबस्टरच्या तिसऱ्या आंतरराष्ट्रीय कोशातही होते, रूपात किंवा रचनेत किरकोळ बदल करणे, रूपांतर न करता बदलणे.

अडचण याच वेबस्टरमध्ये होती. आयोगाची आणि एमसीआयची बाजू मांडणाऱ्यांनी त्या कोशातील आणखी एक अर्थ न्यायालयापुढे ठेवला : एखाद्या गोष्टीत मूलभूत किंवा महत्त्वाचा बदल करणे. एकाच शब्दाखाली, एकाच कोशात, ‘किरकोळ बदल करणे’ आणि ‘मूलभूत बदल करणे’ असे दोन्ही अर्थ शेजारी छापलेले होते. एमसीआयचे म्हणणे असे की, कोशांतच मतभेद आहे, म्हणजे शब्द संदिग्ध आहे. आणि कायद्यातला शब्द संदिग्ध असेल तर १९८४ पासूनच्या न्यायालयीन दंडकाप्रमाणे आयोगाने लावलेला वाजवी अर्थ मान्य केला पाहिजे.

स्कॅलियांचे उत्तर मला या निकालातील सर्वांत मोलाचा भाग वाटते, आणि भाषांतर करणाऱ्या प्रत्येकाने ते वाचावे. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा : ‘मॉडिफाय’चा अर्थ ‘काही बाबतीत बदलणे’ आणि ‘मुळातून बदलणे’ असे दोन्ही होऊ लागतील, तेव्हा वस्तुतः या दोहोंपैकी एकही अर्थ उरणार नाही, त्याचा अर्थ नुसता ‘बदलणे’ एवढाच होईल, आणि बदल लहान की मोठा हे सांगण्यासाठी एखाद्या क्रियाविशेषणाला कामाला लावावे लागेल.

याचा पडताळा मराठीत पावलोपावली येतो. ‘बदल’ हा आपला शब्द या अवस्थेला फार पूर्वीच पोहोचलेला आहे. तो स्वतः काहीच माप सांगत नाही. म्हणून आपण ‘किरकोळ बदल’, ‘थोडाफार बदल’, ‘मोठा बदल’ असे म्हणतो, आणि शेवटच्या टोकाला मुळापासून शेंड्यापर्यंत या अर्थाचा ‘आमूलाग्र’ हा शब्द त्याच्या पुढे लावतो. वेबस्टरच्या दोन अर्थांना मान्यता दिली असती, तर कायद्यातील ‘मॉडिफाय’ची हीच गत झाली असती, आणि १९३४ च्या संसदेने तर त्याला कोणतेही क्रियाविशेषण जोडलेले नव्हते.

यापुढे स्कॅलियांची भाषा धारदार होते. फ्रेंच राज्यक्रांतीने तिथल्या सरदारवर्गाचा दर्जा ‘मॉडिफाय’ केला असे म्हणणे उत्तम इंग्रजी ठरेलही, पण ते केवळ न्यूनोक्ती नावाचा अलंकार आणि उपरोध नावाची वाङ्मयीन युक्ती अस्तित्वात आहे म्हणून, असे त्यांनी लिहिले. अशा हेतुपुरस्सर ओढाताणीतून किंवा अज्ञानातून झालेल्या चुकीच्या वापराची नोंद वेबस्टरने, आणि एकट्या वेबस्टरनेच, घेतली असावी, असा त्यांचा निष्कर्ष होता. शिवाय वेबस्टरचा तो तिसरा कोश १९६१ चा. १९३४ मध्ये कायदा झाला तेव्हा तो कुणाच्या कल्पनेतही नव्हता. कायद्यातील शब्दाचा अर्थ कायदा झाला त्या काळाच्या वापरावरून ठरवायचा, ही त्यांची भूमिका होती.

तीन न्यायमूर्तींच्या वतीने जॉन पॉल स्टीव्हन्स यांनी भिन्न मत लिहिले, आणि त्यांनी स्कॅलियांना त्यांच्याच पटावर गाठले. १९३४ चाच अर्थ हवा ना, असे म्हणत त्यांनी १९३४ साली छापलेला वेबस्टरचा छोटा महाविद्यालयीन कोश उघडला. त्यात ‘मॉडिफाय’चा पहिलाच अर्थ दिला होता, व्याप्तीने किंवा प्रमाणाने मर्यादित करणे वा कमी करणे. आयोगाने काय केले होते? वर्चस्व असेल तर दरपत्रक दाखल करा, नसेल तर करण्याची गरज नाही, असे म्हणून सक्तीची व्याप्ती कमी केली होती. १९३४ च्या कोशातील अर्थ इतका नेमका बसत असताना दुसरा अर्थ धरून बसण्याचे कारण काय, असा त्यांचा प्रश्न होता. शब्दकोश उपयुक्त असतात, पण विशिष्ट कायद्याच्या संदर्भात शब्द कोणते काम करतो याच्या बारकाईने केलेल्या विश्लेषणाची जागा ते घेऊ शकत नाहीत, असे त्यांनी बजावले.

मला विचाराल तर शब्दकोशांच्या लढाईत स्टीव्हन्स हरले नाहीत. व्याप्ती कमी करणे हा अर्थ ‘मॉडिफाय’मध्ये तेव्हाही होता आणि आजही आहे. स्कॅलियांचा खरा आधार निकालाच्या उत्तरार्धात आहे, आणि तिथे एकही कोश नाही. दरपत्रक दाखल करणे हे दरनियंत्रित उद्योगाचे मर्मस्थान आहे. उद्योगाच्या एका मोठ्या क्षेत्रातील ४० टक्के भागासाठी हे मर्मच काढून टाकले तर त्याला ‘मॉडिफिकेशन’ म्हणणे अशक्य आहे. जे घडले आहे ती वस्तुतः कायद्याची मूलभूत फेररचना आहे. ती चांगली कल्पना असेलही, पण १९३४ मध्ये संसदेने जी कल्पना कायद्यात उतरवली ती ही नव्हे, असा तो युक्तिवाद आहे. म्हणजे शब्दाचे माप अखेरीस ठरले ते ज्या गोष्टीला हात लावला गेला तिच्या महत्त्वावरून. दारावरचा रंग बदलणे आणि घराचा मुख्य खांब काढणे यांत खर्च सारखा असला, तरी घर राहते की नाही हा फरक उरतोच.

या फरकाला व्याकरणातही एक जुना दाखला आहे. इंग्रजी व्याकरणात विशेषणाला ‘मॉडिफायर’ म्हणतात, कारण ते नामाच्या अर्थाला मुरड घालते. ‘पांढरा घोडा’ म्हटले की घोडा घोडाच राहतो, फक्त घोड्यांचा समूह लहान होतो. पण ‘बनावट नोट’ ही नोट नसते आणि ‘माजी मंत्री’ मंत्री नसतो. व्याकरण या साऱ्यांना एकाच नावाने हाक मारते. स्टीव्हन्स यांना आयोगाच्या आदेशात पांढरा घोडा दिसला. स्कॅलिया यांना बनावट नोट दिसली.

संसदेने पुढे काय केले, हे थोडक्यात सांगण्यासारखे आहे. १९९६ च्या दूरसंचार कायद्याने दळणवळण कायद्यात नवे कलम १० घातले आणि ग्राहकहिताच्या व सार्वजनिक हिताच्या ठरावीक कसोट्या पूर्ण होत असतील, तर एखादी तरतूद लागू करण्यापासून आयोगाने ‘परावृत्त राहावे’, असा स्पष्ट आदेश दिला. त्याच वर्षी आयोगाने वर्चस्व नसलेल्या लांब पल्ल्याच्या कंपन्यांसाठी दरपत्रके बंद केली, आणि २००० मध्ये अपील न्यायालयाने ते उचलून धरले. ‘मॉडिफाय’ने जे होऊ शकले नाही, ते वेगळ्या क्रियापदाने झाले.

आपल्याकडचे ‘फेरबदल’

मराठी माणसाच्या बोलण्यात ‘मॉडिफाय’ हा शब्द गॅरेजमधून आला आहे. बुलेटचा ‘मॉडिफाइड सायलेन्सर’ पोलिसांनी जप्त केल्याच्या बातम्या आपण नेहमी वाचतो, आणि तिथे शब्दाचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही : गाडी तीच, आवाज कंपनीने दिलेला नाही. लिखित मराठीत मात्र या एका शब्दासाठी आपल्याकडे अनेक शब्द आहेत आणि प्रत्येकाचे माप निराळे आहे.

कायद्याच्या मराठीत ‘मॉडिफिकेशन’साठी ‘फेरबदल’ रूढ आहे आणि ‘अमेंडमेंट’साठी ‘सुधारणा’, जिला बोलण्यात आपण ‘दुरुस्ती’ म्हणतो. ‘फेरबदल’ मध्ये मूळ वस्तू टिकून राहण्याचा भाव आहे. मंत्रिमंडळात फेरबदल झाले म्हणजे खाती इकडची तिकडे गेली, काही चेहरे आले-गेले, पण सरकार तेच राहिले. सरकार गेले तर त्याला कुणी फेरबदल म्हणत नाही. ‘फेरफार’ दिसायला जवळचा असला तरी त्याचे स्वभाव दोन आहेत. तलाठ्याकडे गाव नमुना ६ मध्ये फेरफाराची नोंद होते तेव्हा जमिनीवरच्या हक्कात झालेला कायदेशीर पालट नोंदवला जातो. कागदपत्रांत फेरफार केला असे म्हटले, की तोच शब्द थेट गुन्ह्याच्या रांगेत जाऊन बसतो. एका भाडेकराराच्या मराठी मसुद्यात घरमालकाला अटींत ‘फेरफार’ करण्याचा अधिकार दिलेला मी वाचला आहे. लिहिणाऱ्याच्या मनात फेरबदल असणार, पण सही करणाऱ्या भाडेकरूच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील तर त्याला दोष देता येणार नाही.

‘सुधारित’ हा शब्द याहून जास्त विचार करायला लावणारा आहे. जनुकांत बदल केलेल्या बियाण्याला इंग्रजीत ‘मॉडिफाइड’ म्हणतात, आणि मराठीत त्याला ‘जनुकीय सुधारित’ असे नाव पडले. बीटी कापसाला भारतात २००२ मध्ये परवानगी मिळाली आणि विदर्भ-मराठवाड्याच्या शेतांत तो पोहोचला, तेव्हा त्याच्या पाठोपाठ हा मराठी शब्दही पोहोचला. इंग्रजी शब्द बदल झाल्याचे सांगतो, बदल चांगला की वाईट हे सांगत नाही. मराठी शब्दाने मात्र निकाल आधीच देऊन टाकला : जे सुधारले ते चांगलेच. त्या बियाण्याविषयी कुणाचे मत काहीही असो, वादाची एक बाजू नावातच लिहिली जाणे योग्य नव्हे, आणि ‘जनुकबदल केलेले बियाणे’ असे साधे म्हणता आले असते.

‘मॉडिफिकेशन’च्या मापाचा प्रश्न भारताच्या सर्वोच्च न्यायालयात अमेरिकेच्याही चार दशके आधी उभा राहिला होता, आणि ते निकाल या प्रकरणाशेजारी ठेवून वाचले तर चित्र पुरे होते. १९५१ च्या दिल्ली कायदा प्रकरणात राष्ट्रपतींनी न्यायालयाचे मत मागवले होते. एका प्रांतात लागू असलेला कायदा दुसऱ्या प्रदेशाला ‘योग्य वाटतील अशा निर्बंधांसह व फेरबदलांसह’ लागू करण्याचा अधिकार कायदेमंडळ सरकारला देऊ शकते का, असा प्रश्न होता. सात न्यायाधीशांनी सात स्वतंत्र मते लिहिली, त्यामुळे त्यातून नेमके काय ठरले हे शोधणे पुढच्या न्यायालयांना एक कामच होऊन बसले. १९५४ मध्ये राजनारायण सिंह यांच्या प्रकरणात ते काम न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी केले. बोस हे नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश राहिलेले, आणि त्यांचे इंग्रजी विलक्षण स्वच्छ. सात मते चाळून त्यांनी सार काढले की, कार्यकारी सत्तेला कायद्यात फेरबदल करण्याचा अधिकार देता येतो, पण कायद्याच्या कोणत्याही मर्मभूत वैशिष्ट्यात नाही.

त्या प्रकरणाची वस्तुस्थिती पाहण्याजोगी आहे. बिहार व ओरिसाच्या नगरपालिका कायद्यातून कर बसवणारे एक कलम उचलून, त्यात ‘फेरबदल’ करून, ते पाटण्याशेजारच्या ग्रामीण भागाला लावण्यात आले होते. मूळ कायद्यात मात्र असे होते की, एखादा भाग नगरपालिकेत घ्यायचा तर तिथल्या लोकांना आधी हरकत नोंदवण्याची संधी द्यायची. एकटे कलम उचलल्यामुळे ती संधी गळून पडली. न्यायालय म्हणाले की, लोकांचे म्हणणे न ऐकता त्यांच्यावर नगरपालिकेचा कर न लादणे हे त्या कायद्याचे धोरणच होते, आणि धोरणाला धक्का देणारी गोष्ट फेरबदलात बसत नाही. एक कलम, एक अधिसूचना, आणि मधून गळालेली माणसाची दाद : कोणत्याही शब्दकोशाने मर्मस्थान इतके स्पष्ट दाखवले नसते. स्कॅलियांच्या निकालाचा उत्तरार्ध आणि बोस यांचा हा निकाल समोरासमोर ठेवले तर दोघांची नजर एकाच जागेवर आहे, हे लगेच दिसते.

पण याच न्यायालयाने १९६१ मध्ये याच शब्दाला उलटे माप लावले. संविधानाच्या अनुच्छेद ३७० खाली राष्ट्रपतींना संविधानाच्या तरतुदी जम्मू-काश्मीरला ‘अपवादांसह व फेरबदलांसह’ लागू करता येत असत. त्यानुसार लोकसभेतील त्या राज्याचे प्रतिनिधी थेट निवडणुकीने न येता, राज्याच्या विधिमंडळाच्या शिफारशीवरून राष्ट्रपती नेमतील, असे ठरवण्यात आले. पुरणलाल लखनपाल यांनी त्याला आव्हान दिले : थेट निवडणूक काढून नेमणूक आणणे हा फेरबदल कसा? न्यायालयाने ते अमान्य केले. संविधानाच्या संदर्भात ‘मॉडिफिकेशन’ला सर्वांत व्यापक अर्थ द्यावा, त्यात सुधारणाही येते, आणि मुळातून रूपांतर न करणारे फेरबदल एवढ्यापुरताच तो शब्द मर्यादित ठेवण्याचे कारण नाही, असे न्यायालयाने म्हटले. ऑक्सफर्डच्या कोशातील जे शब्द स्कॅलियांनी १९९४ मध्ये आधार म्हणून घेतले, जवळजवळ तेच शब्द भारतीय न्यायालयाने ३३ वर्षे आधी विचारात घेऊन बाजूला ठेवले होते.

दोन्ही निकाल एकाच न्यायालयाचे, शब्द एकच. फरक होता अधिकार कुणी दिला यात. पाटण्यात कायदेमंडळाने आपला अधिकार सरकारकडे सोपवला होता. उसना अधिकार वापरणाऱ्याने मालकाच्या घराचा खांब काढायचा नसतो. अनुच्छेद ३७० मध्ये अधिकार थेट संविधानाने राष्ट्रपतींना दिला होता. एफसीसीची जागा पाटण्यासारखी होती, काश्मीरसारखी नव्हती, आणि म्हणून मला वाटते की, १९९४ चा निकाल भारतात लागला असता तरी एटी अँड टीच जिंकली असती. मात्र १९६१ चा निकाल मला आजही अस्वस्थ करतो. देणारा कितीही मोठा असला तरी, मतदाराचे मत काढून घेणे ही गोष्ट ‘फेरबदल’ या शब्दात मावते असे म्हणताना भाषेवर जो ताण येतो, तो त्या निकालाच्या वाचकाला जाणवतो.

‘माफ करणे किंवा फेरबदल करणे’

फ्रेंच सरदारवर्ग २०२३ मध्ये पुन्हा न्यायालयात आला. अमेरिकेच्या २००३ च्या एका कायद्याने युद्ध किंवा राष्ट्रीय आणीबाणीच्या काळात शिक्षणमंत्र्यांना विद्यार्थी कर्जांविषयीच्या तरतुदी ‘वेव्ह ऑर मॉडिफाय’ करण्याचा अधिकार दिला होता. करोनाच्या साथीचा आधार घेऊन बायडेन सरकारने ठरावीक उत्पन्नाखालील कर्जदारांचे प्रत्येकी १०,००० डॉलरपर्यंत, आणि गरीब विद्यार्थ्यांसाठीचे पेल अनुदान मिळालेल्यांचे २०,००० डॉलरपर्यंत कर्ज रद्द करण्याची योजना आखली. एकूण रक्कम सुमारे ४३,००० कोटी डॉलर होती. ३० जून रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी योजना रद्द केली. सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी स्कॅलियांचे वाक्य उद्धृत करून म्हटले की, फ्रेंच राज्यक्रांतीने सरदारवर्गाचा दर्जा जसा ‘मॉडिफाय’ केला तशाच अर्थाने ही योजना मूळ तरतुदी ‘मॉडिफाय’ करते, म्हणजे त्या नष्ट करून त्यांच्या जागी सर्वस्वी नवी व्यवस्था आणते.

न्यायमूर्ती एलेना केगन यांचे भिन्न मत मात्र शब्दाकडे नव्या दिशेने पाहते. कायद्यात एक शब्द नाही, दोन आहेत, हा त्यांचा मुद्दा. अट पूर्ण काढून टाकता येते आणि अटीत थोडे बदल करता येतात, असे दोन्ही कायदा म्हणत असेल, तर या दोन टोकांच्या मधल्या जागेत मंत्र्याने पाऊल टाकू नये असा अर्थ काढणे विचित्र ठरेल, असे त्यांचे म्हणणे होते. १९३४ च्या कलमात ‘मॉडिफाय’ एकटा उभा होता. २००३ च्या कायद्यात तो जोडीने आला होता. शेजारी बसलेल्या शब्दाने त्याचे माप वाढते की नाही, यावर न्यायालय दुभंगले.

या जोडीचे मराठी करायला बसल्यावर तिचे वजन कळते. ‘वेव्ह’साठी ‘माफ करणे’ म्हटले तर कर्जमाफीची आठवण होऊन वाचक निकालाच्या पुढेच धावेल, कारण कायद्यात वेव्ह करायची होती ती कर्जाविषयीची तरतूद, कर्ज नव्हे. ‘सूट देणे’ बरे, पण त्यात पैशाची सवलत डोकावते. ‘तरतूद लागू न करणे’ हे लांब आहे, तरी तेच बरोबर आहे. आणि ‘मॉडिफाय’साठी इथे मी ‘फेरबदल करणे’ लिहीन, ‘बदल करणे’ लिहिणार नाही. कारण ‘बदल’ लिहिले तर रॉबर्ट्स यांचा युक्तिवाद मराठी वाचकाला कळणारच नाही, आणि ‘किरकोळ बदल’ लिहिले तर केगन यांचा युक्तिवाद मी भाषांतरातच फेटाळलेला असेल.